गाडीचा वेग आणि डिझेलचा हिशेब: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

ट्रकचा वेग आणि डिझेल यांविषयी आलेली पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत. ती बहुतेक निपाणी, चिकोडी, बेळगाव आणि खानापूर या भागांतली आहेत, आणि त्यात नवल नाही, कारण पुणे-बेंगळुरू महामार्ग आणि गोव्याकडे उतरणारा रस्ता यांच्या बेचक्यात वसलेल्या या पट्ट्यात गल्लीगणिक एक तरी ड्रायव्हर सापडतो. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत, कारण बऱ्याच जणांनी आपल्या मालकाविषयी किंवा आपल्या ड्रायव्हरविषयी मोकळेपणाने लिहिले आहे.

प्रश्न: मी दहाचाकी गाडी चालवतो आणि निपाणीहून साखर भरून पुण्याला जातो. मालक म्हणतात, पासष्टच्या वर काटा जाऊ देऊ नकोस. माल मागवणारा मात्र फोनवर फोन करून घाई लावतो. पासष्ट आणि ऐंशी यांत डिझेलचा खरोखर किती फरक पडतो, की ही नुसती मालकांची समजूत आहे? (ट्रकचालक, निपाणी)

उत्तर: ही समजूत नव्हे, त्यामागे पक्के गणित आहे. सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने धावणाऱ्या गाडीला मुख्यतः दोन गोष्टी मागे ओढत असतात. पहिली म्हणजे टायरचा रस्त्याशी होणारा विरोध, जो गाडीच्या वजनावर अवलंबून असतो आणि वेगाने फारसा बदलत नाही. दुसरी म्हणजे हवेचा विरोध, आणि तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० किलोमीटरला हवा जितकी अडवते त्याच्या जवळपास पावणेदोन पट ती ८० किलोमीटरला अडवते. साडेअठ्ठावीस टनांच्या भरलेल्या दहाचाकीचा विचार केला तर साठच्या वेगाला टायरचा विरोध हवेपेक्षा बराच जास्त असतो, आणि ऐंशीला पोहोचेपर्यंत दोन्ही जवळजवळ सारखे होतात. म्हणूनच भरल्या गाडीपेक्षा रिकामी परतणारी गाडी वेगाने हाकली की तिचा ॲव्हरेज प्रमाणाने अधिक घसरतो. हे पुष्कळ ड्रायव्हरांच्या लक्षात येत नाही, कारण रिकाम्या गाडीला जोर लागत नाही असे त्यांना पायाखाली जाणवत असते. हौद्यावरची ताडपत्री सैल राहून फडफडत असेल तर हवेचा विरोध आणखी वाढतो, तेव्हा दोरी आवळून बांधणे हेही डिझेल वाचवण्याचेच काम आहे.

आता तुमच्या फेरीचा हिशेब करू. निपाणी ते पुणे हे अंतर सुमारे पावणेतीनशे किलोमीटर आहे. सगळा रस्ता मोकळा मिळाला असे धरले तर ऐंशीच्या वेगाने तो साडेतीन तासांच्या आत आणि पासष्टच्या वेगाने सव्वाचार तासांत कापला जाईल, म्हणजे फरक पाऊण तासाच्या थोडा वर. पण सगळा रस्ता मोकळा कधीच मिळत नाही. टोलनाके आहेत, खंबाटकीचा घाट आहे, कागलच्या पुढे साताऱ्यापर्यंत सहापदरीकरणासाठी काढलेली वळणे तुम्ही पाहिलीच आहेत, आणि पुण्यात शिरताना जी गर्दी लागते तिला तुमचा आधीचा वेग ठाऊक नसतो. त्यामुळे प्रत्यक्षात हाती लागतो तो अर्धा तास, आणि कित्येकदा तोही नाही. उलट डिझेलकडे पाहा. लिटरला चार किलोमीटर देणारी गाडी धरली तर या फेरीला सत्तर लिटरच्या आसपास डिझेल लागते. पूर्ण सपाट रस्त्यावर या दोन वेगांतला फरक पंधरा टक्क्यांच्या पुढे जाऊ शकतो, परंतु चढ-उतार आणि थांबे लक्षात घेऊन तो दहाच टक्के धरला, तरी एका बाजूच्या फेरीत सहा-सात लिटर वाचतात. लिटरला ९० रुपये धरले तर अर्ध्या तासाची किंमत सहाशे रुपयांच्या आसपास पडते.

याहून महत्त्वाची गोष्ट ब्रेकची आहे. भरलेली दहाचाकी ऐंशीच्या वेगाने धावत असताना पुढे उसाचा ट्रॅक्टर आडवा आला म्हणून तुम्ही ब्रेक मारून वेग चाळीसवर आणला आणि पुन्हा ऐंशी गाठला, तर केवळ तो गमावलेला वेग परत मिळवण्यासाठी इंजिनाला सुमारे चारशे मिलिलिटर डिझेल जाळावे लागते. तीच गाडी साठच्या वेगात असेल आणि चाळीसवर येऊन पुन्हा साठला गेली, तर हा खर्च निम्म्याहूनही कमी होतो. संकेश्वर, हत्तरगी, यमकनमर्डी या टापूत गळिताच्या हंगामात दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर रात्री मागे दिवा नसताना चालत असतात, आणि अशा रस्त्यावर ऐंशीने जाणारा ड्रायव्हर तासाभरात किती वेळा ब्रेक मारतो हे तुम्ही स्वतःच एकदा मोजून पाहावे. लांबवर नजर ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय आधीच काढणारा ड्रायव्हर फार हळू जात नाही; तो फक्त ब्रेक कमी वापरतो, आणि टाकी ते टाकी हिशेबात नेहमी पुढे दिसतो.

एक मर्यादा मात्र सांगितली पाहिजे. हळू म्हणजे कितीही हळू नव्हे. खालच्या गिअरमध्ये इंजिन उगाच फिरवत पस्तीस-चाळीसने रांगण्यात फायदा नाही, आणि वरच्या गिअरमध्ये इंजिन दबून धडधडत असताना ओढण्यातही नाही. आरपीएमच्या, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला किती फेरे होतात ते दाखवणाऱ्या, काट्यावरचा हिरवा पट्टा त्यासाठीच दिलेला असतो. सर्वांत वरच्या गिअरमध्ये काटा त्या पट्ट्यात ठेवून जो वेग येतो, तो बहुतेक गाड्यांत पंचावन्न ते पासष्टच्या दरम्यान असतो.

प्रश्न: माझ्या तीन गाड्या आहेत. तिन्हींना स्पीड गव्हर्नर आहे, तरी ड्रायव्हर त्याची वायर काढतात असा मला संशय आहे. गव्हर्नर साठवर बसवून घ्यावा का? आणि प्रत्येक ट्रिपला डिझेल ठरवून दिले तर चोरी व उधळपट्टी दोन्ही थांबतील का? (वाहनमालक, बेळगाव)

उत्तर: आधी कायदा पाहू. २०१५ पासून मालवाहू वाहनांना ताशी ८० किलोमीटरवर रोखणारे उपकरण, म्हणजेच स्पीड गव्हर्नर, बंधनकारक आहे, आणि डंपर, टँकर व धोकादायक माल नेणाऱ्या गाड्यांसाठी ही मर्यादा ६० आहे. त्याशिवाय २०१८ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने रस्त्यांप्रमाणे जी कमाल मर्यादा ठरवली, तीत मालवाहू वाहनांना द्रुतगती मार्गावर व चौपदरी महामार्गावर ८० आणि इतर रस्त्यांवर ६० आहे. म्हणजे चिकोडीच्या किंवा गडहिंग्लजच्या दुपदरी रस्त्यावर गव्हर्नर शाबूत असूनही ड्रायव्हर मर्यादा ओलांडू शकतो. उपकरणाची वायर काढणे हा गुन्हा आहे, आणि अपघात झाल्यावर विम्याच्या दाव्यात त्याचा उपद्रव मालकालाच होतो, हे ड्रायव्हरांना समोर बसवून समजावून सांगा.

गव्हर्नर साठवर बसवण्याचा सल्ला मी देणार नाही. नव्या गाड्यांत कंपनीच्या वर्कशॉपमध्ये तो सत्तरच्या आसपास लावून घेता येतो आणि तेवढे पुरेसे आहे. साठवर अडकलेली गाडी ओव्हरटेक करताना मध्येच दम सोडते आणि ड्रायव्हर ते यंत्र शत्रू मानू लागतो.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र मला अधिक जोर देऊन लिहायचे आहे. ट्रिपला डिझेल ठरवून देण्याची पद्धत आपल्या भागात सर्रास आहे: इतके लिटर मिळतील, कमी पडले तर पगारातून कापू, उरले तर तुझे. वरवर पाहता यात न्याय दिसतो. परंतु डिझेल किती लागेल हे ड्रायव्हरच्या हातात असते त्यापेक्षा कितीतरी अधिक वजन, टायरची हवा, इंजिनाची अवस्था, घाट आणि पोहोचण्याची वेळ यांवर ठरते, आणि या पाचही गोष्टी मालकाच्या किंवा माल भरणाऱ्याच्या हातातल्या आहेत. एकीकडे पहाटे पाचला माल पोहोचला पाहिजे असा दम आणि दुसरीकडे डिझेल कमी पडले तर कपात, अशा चिमट्यात सापडलेला ड्रायव्हर जिथे त्याला सुटका दिसते तिथे बचत करतो, आणि ती जागा म्हणजे घाटाचा उतार. तिथे काय होते ते पुढच्या पत्राच्या उत्तरात सविस्तर आले आहे.

म्हणून माझे मत असे आहे की कपात पूर्ण बंद करावी. टाकी गळ्यापर्यंत भरून ट्रिप सुरू करा, परत आल्यावर त्याच पंपावर पुन्हा गळ्यापर्यंत भरा, आणि त्याच मार्गावर त्याच वजनाच्या निदान सहा-सात ट्रिपांचा सरासरी ॲव्हरेज काढा. त्यापेक्षा जो ड्रायव्हर चांगला आकडा आणेल त्याला वाचलेल्या पैशांतला ठरलेला हिस्सा रोख द्या. एकाच ट्रिपवरून कुणाला चोर ठरवू नका, कारण समोरून वाऱ्याचा जोर असलेला पावसाळी दिवस एवढा एकच फरक ॲव्हरेज पाडायला पुरेसा असतो. गाडी निघण्यापूर्वी टायर थंड असताना हवा तपासण्याची जबाबदारी तुम्ही स्वतःकडे घ्या.

प्रश्न: माझे पती रात्री बेळगावहून भाजीपाला घेऊन अनमोड घाटातून गोव्याला जातात. उताराला गाडी न्यूट्रल केली की डिझेल वाचते असे त्यांच्या सोबतचे सगळे ड्रायव्हर म्हणतात आणि तेही तसेच करतात. मला भीती वाटते, पण त्यांना काय सांगावे हे कळत नाही. (गृहिणी, खानापूर)

उत्तर: ताई, तुमची भीती अगदी रास्त आहे, आणि हे उत्तर त्यांना वाचून दाखवावे अशी माझी विनंती आहे.

आजच्या कॉमन रेल इंजिनात, म्हणजे डिझेल किती सोडायचे हे संगणक ठरवतो अशा इंजिनात, गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजिनाला जाणारे डिझेल पूर्ण बंद होते. चाकेच इंजिनाला फिरवत राहतात. न्यूट्रल केले की चाके आणि इंजिन यांचा संबंध तुटतो, आणि इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला डिझेल जाळत राहावे लागते. म्हणजे घाटात न्यूट्रलमध्ये उतरणारी गाडी गिअरमध्ये उतरणाऱ्या गाडीपेक्षा जास्त डिझेल पिते. जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनातही उताराला पाय काढला की डिझेल जवळजवळ थांबत असे. अगदी हलक्या उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी थोडी लांब धावते, हे खरे आहे, आणि त्या थोडक्यावरूनच ही समजूत पसरली असावी. पण घाटाचा उतार हलका नसतो.

आता धोक्याची बाजू. साडेअठ्ठावीस टनांची गाडी शंभर मीटर खाली उतरते तेव्हा, वेग वाढू द्यायचा नसेल तर, पाऊण लिटर डिझेल जाळल्यावर निघेल इतकी उष्णता कुठेतरी मुरवावी लागते. भाजीची गाडी लहान असेल तर हा आकडा त्या प्रमाणात कमी धरावा, पण तिचे ब्रेकही त्या प्रमाणात लहानच असतात, आणि अनमोडहून मोलेपर्यंतचा उतार शंभर मीटरचा नाही, काहीशे मीटरचा आहे. गाडी गिअरमध्ये असेल तर या उष्णतेचा मोठा वाटा इंजिन आणि एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनाकरवी गाडी रोखणारा ब्रेक) उचलतात. न्यूट्रलमध्ये सगळी उष्णता ब्रेकच्या लायनरवर येते, लायनर तापून पकड सोडतात, जळका वास येऊ लागतो, आणि पेडल दाबूनही गाडी आवरत नाही. त्या क्षणी पुन्हा गिअर टाकायला जावे तर वेग इतका वाढलेला असतो की गिअर बसतच नाही. काही जण त्याच्याही पुढे जाऊन इंजिन बंद करतात. मग ब्रेकच्या टाकीत हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो, प्रत्येक दाबणीला हवेचा दाब उतरत जातो, आणि पॉवर स्टिअरिंग दगडासारखे जड होते.

पुण्याजवळ नवले पुलाच्या उतारावर २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये एका ट्रकने अनेक वाहनांना धडक दिली, तेव्हा ट्रक उताराला न्यूट्रलमध्ये सोडला होता असे पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आले होते. आपल्याकडे निपाणीजवळचा तवंदी घाट याच कारणाने बदनाम आहे. जुने ड्रायव्हर शिकाऊ पोराला सांगत की जो घाट ज्या गिअरमध्ये चढावा लागेल, तो त्याच गिअरमध्ये उतरावा. तुमच्या पतींना इतकेच सांगा की उताराला सुरुवात होण्यापूर्वीच गिअर खाली घ्यावा, एक्झॉस्ट ब्रेक चालू ठेवावा, आणि पायाचा ब्रेक सतत दाबून न ठेवता थोडा वेळ दाबून सोडत राहावे. आणि त्यांच्या मालकाने डिझेल ठरवून दिले असेल, तर मागील पत्राचे उत्तर त्या मालकापर्यंतही पोहोचवावे.

प्रश्न: तेल वाचवण्यासाठी अमेरिकेने एकदा सगळ्या देशात वेगमर्यादा खाली आणली होती असे वाचनात आले. त्याचा उपयोग झाला का, आणि तेथील ट्रकचालकांनी ते मान्य केले का? (महाविद्यालयीन विद्यार्थी, चिकोडी)

उत्तर: होय. १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये अरब तेल उत्पादक देशांनी अमेरिकेचा तेलपुरवठा रोखला, आणि २ जानेवारी १९७४ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी ज्या कायद्यावर सही केली त्याने देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची मर्यादा लागू झाली. तेलाची बचत अपेक्षेपेक्षा बरीच कमी झाली, कारण पुष्कळ लोकांनी ती पाळलीच नाही. मात्र रस्त्यांवरील मृत्यू १९७३ मधील सुमारे ५४ हजारांवरून १९७४ मध्ये सुमारे ४५ हजारांवर आले. त्या वर्षी लोकांचा प्रवासच कमी झाला होता, हेही त्यामागचे एक कारण होते. १९८७ मध्ये ग्रामीण भागातील मोठ्या महामार्गांवर ६५ मैलांची मुभा मिळाली आणि १९९५ मध्ये ही राष्ट्रीय मर्यादा रद्द झाली.

ट्रकचालकांचा विरोध मात्र नीट समजून घेण्यासारखा आहे. स्वतःची गाडी चालवणाऱ्या स्वतंत्र चालकांनी १९७३ च्या डिसेंबरमध्ये आणि पुन्हा १९७४ च्या सुरुवातीला महामार्ग अडवले. त्यांची कमाई मैलांवर होती. डिझेल महागले आणि त्याच वेळी वेगही उतरला, तर दिवसाला कमी मैल आणि प्रत्येक मैलाला जास्त खर्च, असा दुहेरी मार त्यांच्यावर पडत होता. आपला ड्रायव्हर ट्रिपवर पैसे घेतो, म्हणजे त्याची अवस्था तशीच आहे. भारतात पेट्रोलियम कन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन ही संस्था १९७८ पासून इंधन बचतीचा प्रचार करीत आली आहे आणि ताशी ४५ ते ५५ किलोमीटरचा वेग सर्वांत काटकसरीचा असे ती सांगते. सल्ला योग्य आहे, पण ट्रिपची मजुरी तीच ठेवून ट्रिपला लागणारा वेळ वाढवला, तर तो सल्ला ड्रायव्हरच्या खिशातून पाळला जातो.

प्रश्न: कर्नाटकात डिझेल स्वस्त असेल तेव्हा महाराष्ट्राच्या हद्दीजवळच्या कोगनोळीच्या अलीकडे टाकी पूर्ण भरावी, की वजन वाढून नुकसान होईल? (वाहनमालक, संकेश्वर)

उत्तर: खुशाल भरावी. तीनशे लिटर डिझेलचे वजन सुमारे अडीचशे किलो होते, आणि भरल्या गाडीच्या वजनापुढे ते नगण्य आहे. दोन राज्यांच्या करांप्रमाणे दरांतला फरक कमीजास्त होत असतो, तेव्हा निघतानाचा दर पाहून ठरवावे. स्वस्त पंपासाठी वाट वाकडी करून वीस किलोमीटर जाऊ नये.

प्रश्न: मी रात्रभर गाडी चालवतो. झोप येऊ लागली की वेग वाढवतो, म्हणजे झोप उडते आणि लवकर पोहोचून झोपताही येते. साथीदार म्हणतात हे चूक आहे. शिवाय थांबलो तर उकाड्यामुळे इंजिन चालू ठेवावे लागते आणि डिझेल जाते. मग काय करावे? (ट्रकचालक, बेळगाव तालुका)

उत्तर: साथीदारांचे बरोबर आहे. वेगाने झोप उडत नाही, काही मिनिटे दबते, आणि डुलकी लागते त्या दोन-तीन सेकंदांत ऐंशीच्या वेगाने गाडी पन्नास-साठ मीटर आंधळी पुढे गेलेली असते. डोळे जड झाल्याचे जाणवताच पहिल्या सुरक्षित ढाब्यावर किंवा पंपाच्या आवारात गाडी लावून वीस-पंचवीस मिनिटे झोप घ्यावी. महामार्गाच्या कडेला, दिवे बंद करून, कधीही नाही. मोठे इंजिन उभ्या गाडीत तासाला दीड-दोन लिटर डिझेल जाळते, म्हणून थांबल्यावर ते बंदच करावे आणि बॅटरीवर चालणारा छोटा पंखा केबिनमध्ये लावून घ्यावा. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम व जड ट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलन बंधनकारक झाले आहे. गाडी धावत असताना त्याचा उपयोग मोठा आहे, पण इंजिन चालू ठेवून त्यात रात्रभर झोपणे ही महागडी सवय ठरेल.

मूळ प्रश्न तासांचा आहे. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास आणि सलग ५ तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती ही चौकट घालून दिली, आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने ती सर्व व्यावसायिक चालकांना लागू केली. प्रत्यक्षात ती पाळली जात नाही हे तुमच्या पत्रातूनच दिसते. पण तुमच्या मूळ पत्रात आणखी एक ओळ आहे, जी वर छापलेली नाही आणि जी तुम्ही सहज लिहून गेला आहात: गोदामात गाडी दुपारी दोनला लावली आणि माल भरून रात्री दहाला सुटली. ते आठ तास तुम्ही झोपलेले नव्हता, कारण रांग सरकली की गाडी पुढे घ्यावी लागते. रस्त्यावर ऐंशीने पळून तुम्ही जो अर्धा तास मिळवता, त्याच्या सोळा पट वेळ त्या फाटकापाशी गेलेला आहे. मालकाशी बोलताना वेगाचा वाद घालू नका, ही वेळ दाखवा. डिझेलच्या वहीत लिटर आणि किलोमीटर यांच्या शेजारी गाडी गोदामात कधी लागली आणि कधी सुटली हे दोन रकाने घालून घ्या, गोदामाच्या पावतीवर दोन्ही वेळा नोंदवून मागा, आणि महिन्याची वही घेऊन मालकाने माल भरणाऱ्याशी पोहोचण्याच्या वेळेविषयी बोलावे असा आग्रह धरा. एकट्या ड्रायव्हरचे तिथे कोणी ऐकत नाही; वर्षाचे भाडे ठरवणाऱ्या मालकाचे ऐकले जाते.